हाफ क्लच, फुल टेन्शन!

गेममध्ये दोनशेच्या स्पीडने गाडी पळवणारी आपली पिढी खऱ्या पुलाच्या चढावर मात्र गाडी बंद पाडते. मी त्यातलीच एक! पण मग एक दिवस गेममध्येही गाडी बंद पडायला लागली आणि खरी गंमत सुरू झाली...

संध्याकाळचे सात. पुण्यातला एक उड्डाणपूल. नाव सांगत नाही, तुम्ही तिथून रोज जाता. पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलेलं. ड्रायव्हिंग सीटवर मी, शेजारी बाबा, मागे आई आणि तिच्या मांडीवर केकचा बॉक्स. लायसन्स मिळून जेमतेम तीन आठवडे झालेले. पुढची रिक्षा हलली. मी क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद! पुन्हा चावी, पुन्हा गचका, पुन्हा बंद. मागून हॉर्नचा ऑर्केस्ट्रा सुरू. तिसऱ्या वेळी तर गाडी चक्क मागे घरंगळली आणि मागच्या बाइकवाल्याने डिकीवर जोरात थाप मारली.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘उतर, मी घेतो.’’

ही गोष्ट २०१९ची. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या लायसन्सचा उपयोग काय झाला माहितीये? हॉटेलच्या चेक-इनला आयडी प्रूफ म्हणून! कुणी विचारलं, ‘‘गाडी येते का?’’ तर मी म्हणायचे, ‘‘लायसन्स आहे.’’ या दोन वाक्यांतलं अंतर ज्यांना कळतं, त्यांच्यासाठी आजचा हा कॉलम.

तसं बघायला गेलं तर दोष सगळा माझाही नव्हता. ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी शिकले, तिथल्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. सर एका हाताने फोनवर बोलत आणि पायाने माझी गाडी चालवत. एकवीस दिवस मला वाटत होतं, की काय स्मूथ क्लच सोडते मी! सोडत सर होते. हे मला त्या पुलावर कळलं.

परफेक्ट शिफ्ट!

आता फ्लॅशबॅक. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, हिंजवडीत आयटीत आणि गेमिंगच्या बाबतीत अजून दहावीत. शाळेच्या सुट्टीत आत्याकडे राहायला गेलं, की रात्री सगळे झोपल्यावर त्याच्या पीसीवर ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’ सुरू व्हायचा. गेम २००३चा, आमच्यापर्यंत जरा उशिराच पोचलेला. त्यातली ड्रॅग रेस आठवते? सरळसोट रस्ता, स्टिअरिंगचं काम लेन बदलण्यापुरतं. सगळा खेळ गिअरचा. काटा ठरावीक जागी आला, की कळ दाबायची. टायमिंग बरोबर साधलं, की स्क्रीनवर झळकायचं ‘परफेक्ट शिफ्ट’! उशीर झाला आणि काटा लाल पट्ट्यात रेंगाळला, की इंजिन खलास.

त्या ड्रॅग रेसमध्ये मी दादाला धडाधड हरवायचे. त्यामुळे गिअर हा प्रकार आपल्याला जन्मजात कळतो, असा माझा ठाम समज होता. पण जरा विचार करा, त्या गेममध्ये गिअर म्हणजे होतं काय? एक कळ वर जायला, एक खाली यायला. क्लच नाही, न्यूट्रल नाही, गाडी बंद पडायची सोय नाही. गिअर म्हणजे फक्त एक आकडा. कळ दाबली, की आकडा बदलला, आवाज बदलला, पुढे चला!

गेल्या वर्षी दिवाळीत दादाच्या नव्या फ्लॅटवर गेले, तर बेडरूमच्या कोपऱ्यात वेगळाच संसार. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, खाली तीन पेडल आणि शेजारी छोटासा गिअरचा दांडा. वर आकडे कोरलेले, एक ते सहा. वहिनी त्याला ‘कॉकपिट’ म्हणते. कौतुकाने नाही! दादा म्हणाला, ‘‘बस, खेळून बघ.’’

गेम होता ‘बीमएनजी ड्राइव्ह’. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कंपनीचा हा गेम २०१५ पासून स्टीमवर आहे. दादाने एक साधीसुधी छोटी हॅचबॅक निवडली, सेटिंगमध्ये गिअरबॉक्स ‘आर्केड’वरून ‘रिअलिस्टिक’वर नेला आणि मी आत्मविश्वासाने पहिला गिअर टाकून क्लच सोडला.

गचका. बंद!

‘‘अगं, गेममध्येपण बंद पाडलीस? जमतं कसं तुला हे?’’ दादा पोट धरून हसत होता. मला मात्र घाम फुटला. अगदी तोच, पुलावरचा! पण पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की मागून हॉर्न वाजत नाहीये. डिकीवर कुणी थाप मारत नाहीये. पुन्हा स्टार्टर, पुन्हा पहिला, पुन्हा बंद. त्या रात्री मी ती बिचारी हॅचबॅक किमान चाळीस वेळा बंद पाडली असेल. आणि एकदाही रडू आलं नाही.

दोन थाळ्यांची गोष्ट

आता बॉस, थोडं फंडे क्लिअर करूया. कारण हे कळेपर्यंत मीही क्लचकडे ‘डावीकडचं पेडल’ एवढ्याच नजरेने बघत होते.

इंजिन आणि चाकं यांच्या मध्ये दोन थाळ्या आहेत असं समजा. एक थाळी इंजिनाबरोबर फिरते, दुसरी गिअरबॉक्सकडे जाते. क्लच दाबला, की थाळ्या एकमेकींपासून सुटतात. पूर्ण सोडला, की घट्ट चिकटतात. मधल्या अवस्थेत एक थाळी दुसरीला घासत घासत आपल्या वेगावर आणते. तोच आपला ‘हाफ क्लच’. गाडी उभी आहे म्हणजे एक थाळी थांबलेली आहे, आणि दुसरी मिनिटाला आठशे-नऊशे फेऱ्या मारतेय. धाडकन चिकटवली, तर उभी गाडी इंजिनालाच थांबवते. झाली गाडी बंद! इतकं साधं आहे हे. पण एकवीस दिवसांत कुणी सांगितलं असेल तर शपथ.

जुन्या गेममध्ये या थाळ्याच नव्हत्या. आताच्या सिम्युलेटर प्रकारातल्या गेममध्ये इंजिनाचा वेग वेगळा मोजला जातो, चाकांचा वेगळा, आणि पेडल किती दाबलंय त्यावरून मधला क्लच किती जोर पलीकडे पोचवू शकेल तेही. आणि हे गणित सेकंदाला एकदा-दोनदा होत नाही. ‘आयरेसिंग’ हा २००८चा गेम ते सेकंदाला ३६० वेळा करतो, बीमएनजी तर दोन हजार वेळा. म्हणजे तुमचा डावा पाय क्लचवर किंचित थरथरला, तरी गेमला ते कळतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना कळत नव्हतं ते!

आता दुसरा फंडा, गिअर उतरवण्याचा. जरा आकडेमोड करू, घाबरू नका. समजा, छोट्या गाडीचं चाक एका फेरीत साधारण १.८ मीटर जातं. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ५५५ फेऱ्या मारतं. तिसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या ५.२ फेऱ्या होतात असं धरा. म्हणजे इंजिन सुमारे २,९०० वर. दुसऱ्यात हा आकडा ७.६ असेल, तर त्याच स्पीडला इंजिन हवं ४,२०० वर. म्हणजेच तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना इंजिनाला १,३०० फेऱ्यांची उडी मारायची असते. ती तुम्ही ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी देऊन मारून दिली, तर गिअर लोण्यासारखा पडतो. नाही दिली, तर क्लच सोडताना गाडी मान खाली घालून गचका देते. याला म्हणतात रेव्ह मॅचिंग. रेसवाले तर हे ब्रेक दाबता दाबता करतात. उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर आणि त्याच पायाची कड ॲक्सिलरेटरवर. त्याचं नाव हील अँड टो. चपला घालून ट्राय करू नका, प्लीज.

आणि चुकून दुसऱ्याऐवजी पहिला पडला तर? आकडा १४ धरला, तर इंजिनाला जावं लागेल ७,८०० च्या आसपास. छोट्या गाडीची लाल रेघ सहा-साडेसहा हजारांवर असते. खऱ्या गाडीत इथे इंजिनाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. रेसिंगच्या दुनियेत याला ‘मनी शिफ्ट’ म्हणतात. कारण त्यानंतर शिफ्ट होतात ते फक्त पैसे. तुमच्या खात्यातून मेकॅनिकच्या खात्यात! गेममध्ये हा धडा फुकट मिळतो. मी तो सहा वेळा घेतला.

दांड्याचा इतिहास

‘खरे गिअर’ गेममध्ये आणायची हौस काही आजची नाही. अटारीच्या १९७४च्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ या आर्केड गेमलाही स्टिअरिंग, पेडल आणि गिअरचा दांडा होता. १९८२च्या ‘पोल पोझिशन’मध्ये दोनच गिअर, लो आणि हाय. कमाल केली ती १९८९च्या ‘हार्ड ड्रायव्हिन’ने. त्याच्या मोठ्या मशीनमध्ये चावी होती, क्लचचं पेडल होतं, न्यूट्रलसकट चार गिअरचा दांडा होता आणि हाताला झटके देणारं स्टिअरिंगही. तेही नाणं टाकून खेळायच्या मशीनमध्ये!

घराघरात हा प्रकार पोचायला मात्र २००६ उजाडलं. लॉजिटेकने जी२५ हे व्हील काढलं. तीन पेडल आणि सहा गिअरचा एच आकाराचा दांडा एकाच बॉक्समध्ये. रिव्हर्सला दांडा खाली दाबून टाकायचा, अगदी कित्येक खऱ्या गाड्यांसारखा. पुढे २०१५मध्ये जी२९ आलं, तेव्हा कंपनीने दांडा वेगळा विकायला काढला. थ्रस्टमास्टरच्या टीएच८एसारख्या महागड्या दांड्यांत चुंबकाचे सेन्सर असतात, म्हणजे घासून झिजायची भानगड कमी.

पण खरी गोम पुढेच आहे. या दांड्याला गेममध्ये काय चाललंय ते कळतच नाही! खऱ्या गाडीत क्लच न दाबता गिअर टाकायला गेलात, तर दांडा हाताला विरोध करतो, खर्रर्र आवाज येतो, गिअर पडत नाही. गिअरबॉक्समधले सिंक्रोमेशचे कोन दोन चाकांचे वेग जुळवतात आणि ते जुळेपर्यंत दांडा अडवून धरतात. ही सोय कॅडिलॅकने १९२८मध्ये पहिल्यांदा आणली. त्याआधी ड्रायव्हरला एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायला लागायचा. जुन्या ट्रकवाल्या काकांना विचारा, ‘डबल क्लच’ म्हटलं की त्यांचे डोळे चमकतील.

घरच्या प्लास्टिकच्या दांड्यात हा विरोधच नाही. क्लच दाबा, नका दाबू, तो आपला खटकन खाचेत जाऊन बसतो. मग गेम बिचारा काय करणार? तो खर्रर्र आवाज काढतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतो. म्हणजे हातातला दांडा म्हणतोय तिसरा, आणि स्क्रीनवरची गाडी म्हणतेय एकही नाही! सुरुवातीला मी यावर जाम वैतागायचे. नंतर सवय झाली. खर्रर्र ऐकू आलं, की दांडा मध्ये आणायचा, क्लच पूर्ण दाबायचा, पुन्हा टाकायचा. आता विचार केला तर वाटतं, खऱ्या गाडीतही याहून वेगळं काय करायचं असतं?

कुठली गाडी, कुठला दांडा

‘रिअलिस्टिक’ म्हणजे कायम एच आकाराचा दांडा आणि तीन पेडल, असंही नाही हं. फेरारीने १९८९मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीला स्टिअरिंगमागे गिअरच्या पट्ट्या लावल्या आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच रेस त्यावर जिंकली. आजची एफ वन गाडी चालवायची, तर पट्टीवरची टिचकी हाच खरा अनुभव. रॅली आणि टूरिंग कारमध्ये सीक्वेन्शियल दांडा असतो. बहुतेक गाड्यांत तो आपल्याकडे ओढला की गिअर चढतो, पुढे ढकलला की उतरतो. का? गाडी वेग घेताना अंग मागे जातं, ब्रेक मारताना पुढे जातं. हात शरीराच्याच दिशेने जावा, इतका साधा विचार. आणि २०१२च्या ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये तर सहा खाचांच्या दांड्याला बटणं जोडून लोक बारा-बारा गिअर टाकतात. हाय काय आन् नाय काय!

उलट काही गेममध्ये गंमतच आहे. ‘फोर्झा’ मालिकेत कंट्रोलरवर क्लचचं वेगळं बटण घेऊन खेळलं, की गिअर साध्या मॅन्युअलपेक्षा लवकर पडतात. त्यामुळे रेस जिंकायची म्हणून पब्लिक क्लच वापरतं. क्लच शिकायचा म्हणून नव्हे!

आपल्या लोकांसाठी एक खास पंचाईत आहे. या गेममधल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे दांडा उजव्या हाताला. आपल्याकडे उलटं. दादाने त्याचा दांडा उजवीकडे लावलेला होता. मी हट्टाने तो डावीकडे लावायला लावला. कारण मला ट्रॉफी नको होती, मला तो पूल चढायचा होता. पेडलचा क्रम दोन्हीकडे सारखाच असतो आणि खाचांचा नकाशाही तोच. फक्त आपल्या गाडीत पहिला गिअर आपल्यापासून लांब ढकलायचा असतो आणि तिकडे अंगाकडे ओढून. डाव्या हाताला हे शिकवणं म्हणजे डाव्या हाताने सही करायला शिकण्यासारखं आहे. दोन आठवडे लागले.

आणि मग तो रॅम्प

हे सगळं दर रविवारचा टाइमपास म्हणून चाललं होतं. पावसाळ्यात बाबांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डावा गुडघा, म्हणजे क्लचचा पाय! आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. पाऊस लागला की कॅबवाले एक तर येत नाहीत किंवा येतो म्हणून कॅन्सल करतात. एका सकाळी तीन कॅब कॅन्सल झाल्या. बाबा वॉकर धरून दारात उभे, आई घड्याळाकडे बघतेय आणि आमची गाडी खाली बेसमेंटमध्ये धूळ खातेय.

‘‘मी काढते गाडी,’’ मी म्हटलं.

आई म्हणाली, ‘‘अगं, नको. तो पूल आठवतोय ना?’’

बाबा एवढंच म्हणाले, ‘‘काढू दे तिला.’’

आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प म्हणजे उभा डोंगर, आणि वर गेटपाशी थांबायलाच लागतं. थांबले. हँडब्रेक ओढला. मागे वरच्या मजल्यावरच्या काकांची गाडी येऊन उभी. पोटात गोळा आला. पण पायांना क्रम पाठ झाला होता. पहिला गिअर. क्लच हळूहळू वर. गेममध्ये मी इंजिनाचा आवाज जरा दबला, काटा किंचित खाली आला, की ओळखायचे की क्लचने पकडलं. इथे आवाज दबला, आणि त्याबरोबर एक गोष्ट झाली जी गेममध्ये कधीच झाली नव्हती. सीट थरथरली. गाडीचं नाक किंचित उचललं गेलं. गाडी अंगाला सांगत होती, की मी तयार आहे. थोडा ॲक्सिलरेटर दिला, हँडब्रेक सोडला...

आणि गाडी बंद पडली.

हो, पडली! फिल्मी शेवट हवा असेल तर सॉरी. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. हँडब्रेक, क्लच, न्यूट्रल, चावी, पहिला. हात थरथरत नव्हते. गाडी बंद पडल्यावर काय करायचं, हे मी दिवाळीपासून शेकडो वेळा केलं होतं. दुसऱ्या वेळी थरथर नीट येईपर्यंत थांबले आणि गाडी वर चढली. मागच्या काकांनी हॉर्नही वाजवला नाही.

रस्त्यात बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. क्लिनिकच्या वळणावर मी तिसऱ्यातून दुसऱ्यात आले, तेव्हा त्यांनी मान वळवली. ‘‘गिअर उतरवताना जरा रेस दिलीस. कुणी शिकवलं?’’

‘‘गेमनी, बाबा.’’

ते काही बोलले नाहीत. परत येताना म्हणाले, ‘‘त्या दिवशी पुलावर मी तुला उतरवायला नको होतं. अजून दोनदा बंद पडली असती, एवढंच.’’ एवढी वर्षं मला वाटत होतं, की ती संध्याकाळ फक्त माझ्याच लक्षात आहे.

बाबांची गाडी बंद!

डॉक्टरांनी पाय वापरायला परवानगी दिल्यावर बाबा म्हणाले, ‘‘मलापण दाखव तो गेम.’’ तीस-पस्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, खंबाटकी घाट कित्येकदा रात्री उतरलेला. ऐटीत बसले, क्लच दाबला, पहिला टाकला, क्लच सोडला.

गचका. बंद!

दुसऱ्यांदा, बंद. तिसऱ्यांदाही बंद. दादाने तोंडावर रुमाल धरला होता. बाबा गोंधळून पायाकडे बघत म्हणाले, ‘‘अरे, पण हा पकडतोय कुठे ते कळतच नाही!’’

अगदी बरोबर बोलले ते. क्लच कुठे पकडतो हे बाबांना काट्यावरून कधी बघावंच लागलं नव्हतं. ते त्यांना सीटमधून, तळपायातून, पाठीतून कळायचं. घरच्या पेडलमध्ये फक्त एक स्प्रिंग असते. स्प्रिंग थरथरत नाही, बेडरूममधली खुर्ची नाक उचलत नाही. मी शिकले होते ते कानाने आणि डोळ्याने, बाबांना येत होतं ते अंगाने. गेमने मला क्रम शिकवला, चुकायची भीती घालवली. ‘पकड’ मात्र मला त्या रॅम्पवरच कळली. त्यामुळे कुणी सांगितलं, की सिम्युलेटरवर शिका आणि थेट हायवेला लागा, तर त्याचं अजिबात ऐकू नका. तिथे आरशात अचानक उगवणारा बाइकवाला नसतो आणि चुकीची किंमतही नसते.

तुम्ही म्हणाल, आता ऑटोमॅटिकचा जमाना आहे, इलेक्ट्रिक गाडीला तर क्लचच नाही, मग ही उठाठेव कशाला? तर ऐका. ह्युंदाईने २०२३मध्ये आयॉनिक ५ एन ही इलेक्ट्रिक गाडी आणली. त्यात गिअर नसताना गिअर पडल्याचा भास करून देणारी सोय आहे. पट्टी ओढली, की आवाज बदलतो, गाडी बारीकसा झटका देते, काटा लाल रेघेला अडतो. म्हणजे आयुष्यभर गेमनी खऱ्या गाडीची नक्कल केली, आणि आता खरी गाडी गेमची नक्कल करतेय! माणसाला गिअर हवेच असतात, असं दिसतंय.

सध्या आमच्याकडे गाडी दोघं चालवतो. शनिवारी मी, रविवारी बाबा. आणि रविवारी दुपारी दादाकडे बाबांचा क्लास असतो. परवा त्यांनी सलग तीनदा गाडी बंद न पाडता चढावर चढवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘परफेक्ट शिफ्ट!’’ हा शब्द त्यांना कुणी शिकवला, विचारू नका.

घरी ट्राय करायचंय?

* व्हील घेताना तीन पेडल आहेत ना, ते बघा. दोन पेडलच्या स्वस्त सेटवर क्लच शिकता येत नाही. दांडा वेगळा घ्यावा लागेल का, हेही दुकानातच विचारा.

* गेमच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो क्लच’ बंद करा. तो चालू असेल, तर पेडल नुसतं शोभेचं. गाडी बंद पडायला लागली, की समजा सेटिंग बरोबर आहे!

* सुपरकार नको. छोटी, कमी ताकदीची हॅचबॅक निवडा. चुका स्पष्ट कळतात.

* दांडा डाव्या हाताला लावा. ट्रॉफ्या कमी मिळतील, रस्त्यावर उपयोग होईल.

* ब्रेकचं पेडल फार मऊ असेल, तर पाय खोल जातो आणि हील अँड टो जमत नाही. जी२९च्या ब्रेकखाली रबराचा ठोकळा त्यासाठीच असतो. वैतागून काढून टाकायच्या आधी महिनाभर वापरून बघा.

* पेडल भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर जोरात ब्रेक मारलात की पेडल पळतात. चाकं असलेली ऑफिसची खुर्ची असेल, तर तुम्हीही!

* आणि सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा खऱ्या गाडीत बसाल, तेव्हा रिकामं मैदान आणि शेजारी न ओरडणारं माणूस, दोन्ही शोधा. पहिलं पुण्यात मिळणं अवघड आहे. दुसरं त्याहून!